टनाला तीनशे ग्रॅम

जगात दर सेकंदाला जवळजवळ दोन टन ई-कचरा तयार होतो. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली जागतिक ई-कचरा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात २०२२ या एका वर्षाचा आकडा ६ कोटी २० लाख टन आहे. चाळीस टन माल वाहणारे ट्रक धरले तर साडेपंधरा लाख ट्रक होतात. ते एकामागे एक उभे केले तर विषुववृत्तावरून पृथ्वीला पूर्ण वेढा पडतो. २०१० पेक्षा ही ८२ टक्के वाढ आहे आणि २०३० साली आकडा ८ कोटी २० लाख टनांवर जाईल असा अंदाज आहे. यातला रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आलेला माल केवळ २२.३ टक्के. उरलेला कुठे गेला याची धड नोंद कुणाकडेच नाही. हा परिच्छेद वाचून होईपर्यंत दहा टनी ट्रक भरायचे ठरवले असते तर पाच-सहा भरले असते.

हे आकडे इतके मोठे आहेत की ते डोक्यावरून जातात. म्हणून ते एका जिल्ह्यात आणून मोजून बघू. जिल्हा जालना. १ मे १९८१ रोजी तयार झालेला, आठ तालुक्यांचा, नऊशेहून जास्त गावांचा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १९ लाख ५९ हजार.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या हिशेबाने २०२३-२४ मध्ये भारतात १७ लाख ५१ हजार टन ई-कचरा तयार झाला. चार वर्षांपूर्वी, २०१९-२० मध्ये, तो १० लाख टनांच्या आसपास होता. माणशी वाटणी केली तर वर्षाला सव्वा किलो. म्हणजे जालना जिल्ह्याच्या वाट्याला वर्षाला सुमारे २,४५० टन, दिवसाला साडेसहा टनांहून थोडं जास्त. जागतिक अहवाल तर भारताचा आकडा ४१ लाख टन देतो, दुपटीहून जास्त, कारण त्याची मोजण्याची रीत वेगळी आणि यादी लांब आहे. आता भोकरदन किंवा मंठा तालुक्यातलं घर अंधेरीच्या घराइतकी यंत्रं वापरत नाही, हे उघड आहे. म्हणून सरकारी सरासरीचाही निम्माच धरू. तरी दिवसाला तीन टन. दर तीन-चार दिवसांनी एक दहा टनी ट्रक भरेल इतका माल या एका जिल्ह्यात निकामी होतो.

मग हे ट्रक रस्त्यावर का दिसत नाहीत? मोठा भाग भंगारवाल्याकडे जातो. आणि बराचसा माल घरातून हलतच नाही. युरोपातल्या ई-कचरा संकलन संस्थांच्या संघटनेने २०२२ साली काही देशांतली घरं धुंडाळली. सरासरी घरात ७४ विजेवर चालणाऱ्या वस्तू सापडल्या. त्यातल्या १३ नुसत्या ठेवलेल्या होत्या. नऊ चालू पण न वापरलेल्या, चार बंद पडलेल्या. कारण विचारलं तर सगळ्यात जास्त आलेलं उत्तर एकच: पुढे कधीतरी लागेल. हे उत्तर आपल्याला काही नवं नाही. आपल्याकडे टीव्हीखालच्या खणात जुना फोन असतो, त्याच्याशी न जुळणारे चार चार्जर असतात, कपाटावर सेट-टॉप बॉक्स असतो, माळ्यावर मिक्सर असतो, आणि दिवाळीच्या विजेच्या माळांचा न सुटणारा गुंता असतो. फोन टाकवत नाही, कारण तो घेताना पैसे मोजलेले असतात. शिवाय त्यात बाळाचे फोटो आहेत असं वाटत राहतं.

त्याच संघटनेचा अंदाज होता की २०२२ या वर्षात जगभरात ५३० कोटी फोन वापरातून बाद होतील. ते आडवे एकावर एक रचले तर ५० हजार किलोमीटर उंचीची चळत होईल, चंद्राच्या वाटेचा आठवा हिस्सा. पुढच्या वर्षी त्यांनी वायरींचा हिशेब मांडला. वर्षाला ९५ कोटी किलो वायरी टाकून दिल्या जातात आणि त्या जोडल्या तर पृथ्वीला १०७ फेरे घालतील.

खरी चक्रावून टाकणारी संख्या मात्र याच्या उलट्या टोकाला आहे. ती फार लहान आहे: ०.०३४ ग्रॅम. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने २००६ साली एका सरासरी मोबाइल फोनमधले धातू मोजून मांडले. बॅटरी आणि चार्जर सोडून फोनचं वजन ११३ ग्रॅम. त्यात १६ ग्रॅम तांबं, ०.३५ ग्रॅम चांदी, ०.०३४ ग्रॅम सोनं आणि ०.०१५ ग्रॅम पॅलेडियम. सोनं इतकं थोडं की सोनाराच्या तराजूतही त्याची दखल घ्यायला विचार करावा लागेल.

ते असतं कुठे, हे मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात पाहायला मिळतं. कारागिराने जुना बटणांचा फोन उघडला, वरचं झाकण आणि बटणांची रबरी चादर बाजूला केली की सर्किटची हिरवी पट्टी समोर येते. प्रत्येक आकड्याच्या जागी एकात एक अशी दोन पिवळी वलयं असतात. बटण दाबलं की ही वलयं जोडली जातात. त्यांचा पिवळेपणा सोन्याच्या मुलाम्याचा आहे, कारण सोनं गंजत नाही आणि घामटलेल्या, धुळीच्या हातांनी हजारो वेळा दाबूनही जोड खात्रीचा राहतो. सिमकार्डवरचा पिवळा तुकडाही तसाच. मुलाम्याची जाडी एक मायक्रॉनहूनही कमी. काळ्या चिपच्या पोटात सोन्याच्या तारा असत, पंचवीसेक मायक्रॉन जाडीच्या. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन.

आता ही लहान संख्या दहा टनी ट्रकने गुणू. ट्रकमध्ये फक्त फोन भरले तर सुमारे ८८,५०० मावतील. त्यांत १,४०० किलो तांबं, ३१ किलो चांदी आणि ३ किलो सोनं. म्हणजे टनाला ३०० ग्रॅम सोनं.

ही संख्या काय आहे हे कळायला खाणीकडे पाहावं लागतं. रायचूर जिल्ह्यातल्या हट्टीला सोन्याची खाण आहे. तिथली कंपनी १९४७ साली हैदराबाद संस्थानात स्थापन झाली, म्हणजे तेव्हा हट्टी आणि जालना एकाच निजामाच्या राज्यात होते. अशा खाणींमध्ये टनाला तीन-चार ग्रॅम सोनं असलेला दगडही चांगला मानतात. कोलारची खाण तर सव्वातीन किलोमीटरच्या आसपास खोल गेली होती. तरी मिळणारं सोनं खर्चाला पुरेना म्हणून २००१ साली ती बंद झाली. ट्रकभर फोनमध्ये जेवढं सोनं आहे तेवढं मिळवायला टनाला तीन ग्रॅमचा दगड एक हजार टन फोडावा लागेल. शंभर ट्रक दगड, विरुद्ध एक ट्रक फोन.

आणि हे धातुक कुठे आहे? जालना जिल्ह्यात घरटी पाच माणसं धरली तर चार लाख घरं होतात. घरटी एकच बंद फोन निघाला तरी चार लाख फोन. ४५ टन वजन, साडेचार ट्रक. साडेतेरा किलो सोनं, १४० किलो चांदी, साडेसहा टनांच्या जवळपास तांबं. सोन्याचा भाव नुसत्या हिशेबासाठी तोळ्याला एक लाख धरला तर निव्वळ सोन्याचे साडेतेरा कोटी रुपये. 'जालना सोन्याचा पाळणा' असं जुने लोक बाजारपेठेच्या भरभराटीवरून म्हणायचे. हे सोनं मात्र खरोखरच घराघरांत आहे.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. २००६ चे आकडे त्या काळच्या फोनचे आहेत. नव्या फोनमध्ये सोनं कमी वापरतात. शिवाय कागदावरचं सगळं सोनं हाती लागत नाही. पण खणांत पडलेले फोन बव्हंशी जुनेच असतात, आणि निम्मं सोनं हाती आलं तरी कुठलीही खाण या मालाच्या जवळपास येत नाही. अडचण धातुकाच्या कसात नाहीच. हे धातुक एका डोंगरात नाही, चार लाख खणांत आहे. त्याला सुरुंग लावता येत नाही. एकेका घरातल्या माणसाने उठून, खण उघडून, आपल्या हाताने ते बाहेर काढायचं आहे. म्हणून ई-कचरा गोळा करायला शाळेच्या पटांगणावर एका रविवारी मांडलेली टेबलं आणि वजनकाटा हीच या धातूंची खाण आहे असं मी मानतो, आणि अशा संकलनाकडे 'समाजसेवेचा उपक्रम' एवढ्याच नजरेने पाहणं मला पटत नाही.

हे होऊ शकतं का? जपानने करून दाखवलं. टोकियो ऑलिंपिकची पदकं जुन्या फोनांतून आणि छोट्या यंत्रांतून बनवायची असं ठरलं. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ अशी दोन वर्षं संकलन चाललं. देशातल्या नव्वद टक्के नगरपालिका त्यात उतरल्या. पोस्टात, सरकारी कचेऱ्यांत, फोनच्या दुकानांत पेट्या ठेवल्या. ७८,९८५ टन यंत्रं आली, त्याशिवाय दुकानांतून ६२ लाख फोन. पदकांसाठी ३२ किलो सोनं, साडेतीन हजार किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्याचे धातू यातून उभे राहिले. ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक मिळून सुमारे पाच हजार पदकं याच धातूंची. नीरज चोप्राने भालाफेकीत मिळवलेलं पदकही त्यातलंच. कुण्या जपानी कुटुंबाच्या खणातला फोन आज हरियाणातल्या एका घरात आहे.

जपानच्या या आकड्यांत एक शिकण्यासारखी गोष्ट आहे. ऐंशी हजार टनांच्या जवळपास माल आला, पण त्यात मिक्सर, पंखे, कॅमेरे, संगणक असं सगळं होतं. सरसकट मालात सोनं फार विरळ असतं, नुसत्या फोनमध्ये दाट. म्हणजे ई-कचऱ्याची किंमत निवडण्यात आहे. फोन, मिक्सर आणि ट्यूबलाइट एकाच गोणीत भरले की उत्तम धातुकाचं साधं भंगार होतं. संकलनाच्या दिवशी हेच ध्यानात ठेवायचं असतं.

जालन्याला ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर समजायला हवी. लोखंडी भंगार वितळवून सळई करणारं हे शहर आहे. इथल्या विजेच्या भट्ट्यांत सोळाशे अंशांच्या आसपास लोखंड पातळ होतं, त्याचे ठोकळे ओतले जातात आणि रोलिंग मिलमधून सळई बाहेर पडते. राज्यभरातल्या स्लॅबांमध्ये जालन्याची सळई आहे. ई-कचऱ्यात वजनाने निम्मे धातू असतात, जगाच्या ६ कोटी २० लाख टनांत ३ कोटी १० लाख टन, आणि त्यातला मोठा वाटा लोखंडाचा. फ्रिजचा पत्रा, वॉशिंग मशीनची टाकी, संगणकाचा डबा यांना जालन्यात गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

पण त्याच भट्टीत मोटार आणि वायरीसकट माल गेला तर? तांबं लोखंडात मिसळलं की ते परत काढता येत नाही. भट्टीत गंधक, फॉस्फरस यांवर उपाय करता येतात, तांब्यावर करता येत नाही. तांब्याचं प्रमाण वाढलं की लाल तापलेलं लोखंड रुळांतून जाताना त्याच्या अंगावर चिरा पडतात. जे सोनं-चांदी सोबत गेलं ते तर सळईत किंवा राखेत कायमचं हरवलं. तेव्हा तांबं आणि सर्किटच्या पट्ट्या आधी वेगळ्या काढणं हे पर्यावरणाच्या कळवळ्यापुरतं नाही. ते भट्टीच्याही हिताचं आहे. जालन्याच्या उद्योजकांनी अशा संकलनाला जागा, ट्रक आणि वजनकाटा द्यावा, यात मला काही अवघड वाटत नाही.

आता भंगाराच्या दुकानात काय होतं ते पाहू. हे दुकान कुठल्याही तालुक्याच्या गावात बाजारपेठेच्या टोकाला सापडतं. जुना फ्रिज आडवा पाडलेला असतो. पोऱ्या मागच्या बाजूला बसतो आणि कॉम्प्रेसरची तांब्याची नळी करवतीने कापतो. नळी अर्धी कापली की दोन-तीन सेकंद फुसकारा येतो, मग शांत. कुणी मान वर करून पाहत नाही. त्या फुसकाऱ्यात जो वायू गेला तो एकेकाळच्या बहुतेक फ्रिजमध्ये असलेला आर-१३४ए, साधारण शंभर ग्रॅम. तापमानवाढीच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट जोरकस. म्हणजे १४३ किलो कार्बन डायऑक्साइड. लिटरला पन्नास किलोमीटर देणाऱ्या मोटारसायकलने तेवढा धूर सोडायचा तर तीन हजार किलोमीटर चालवावी लागेल, जालना ते मुंबई सात खेपा. आणि त्या पोऱ्याला नळीच्या तांब्याचे थोडे रुपये मिळतात.

त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला दुसरा रस्ता कुणी दाखवलेलाच नाही. वायरी जाळून तांबं काढणारा माणूस तो धूर स्वतः घेतो. जुन्या डब्याएवढ्या टीव्हीच्या काचेत किलो-दोन किलो शिसं असतं. ती काच हातोड्याने फोडणारा माणूस त्याची पूड श्वासात घेतो. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये आणि उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादला हेच काम गल्ल्यागल्ल्यांत चालत आलं आहे. तिथे पट्ट्या आम्लात बुडवून सोनं काढतात आणि उरलेलं पाणी गटारात जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली इशारा दिला होता की जगभरात असंघटित कचरा कामात १ कोटी २९ लाखांपर्यंत स्त्रिया आहेत आणि ज्या असंघटित उद्योगांत कचऱ्याचं कामही येतं त्यांत १ कोटी ८० लाखांहून जास्त मुलं राबतात. भारतात ई-कचरा हाताळणारे बहुतेक हात असेच आहेत. सरकारी आकड्यांप्रमाणे २०२३-२४ मध्ये १७ लाख ५१ हजार टनांतला ४३ टक्के माल रीतसर प्रक्रियेला गेला. उरलेला जवळपास दहा लाख टन माल या हातांतून गेला, किंवा घरातच राहिला.

त्यामुळे संकलन घ्यायचं तर भंगारवाल्याला वगळून घेऊ नये. गावोगाव मोटारसायकलवर कर्णा लावून 'जुना, फुटका मोबाइल' मागत फिरणारा आणि बदल्यात प्लॅस्टिकचा टब देणारा फेरीवाला हे काम आपल्याआधीपासून करतो आहे. त्याचं जाळं आपल्या स्वयंसेवकांपेक्षा मोठं आहे. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली. तिच्यातून पुढे आलेली 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था 'व्ही-कलेक्ट' या नावाने संकलनाचे दिवस भरवते. लोक जुने कपडे, फर्निचर, ई-कचरा आणून देतात आणि हाताळणारे कचरावेचकच असतात. काम तेच, फक्त हातात मोजे असतात, पायांखाली ताडपत्री असते, आणि माल योग्य ठिकाणी जातो. पुण्यातच पूर्णम इकोव्हिजन ही संस्था 'ई-यंत्रण' नावाची मोठी मोहीम घेते. मराठवाड्याच्या जिल्ह्यांना नमुना शोधायला फार दूर जायला नको.

संकलनाचा दिवस कसा असावा, हेही आकड्यांतूनच ठरतं.

ट्रक मोजणाऱ्या मोठ्या काट्यावर वजनाचा सगळ्यात लहान टप्पा साधारण दहा किंवा वीस किलोंचा असतो. दहा किलो म्हणजे ८८ फोन, म्हणजे तीन ग्रॅम सोनं. तेवढा माल इकडचा तिकडे झाला तरी मोठ्या काट्याला पत्ता लागणार नाही. म्हणून फोन आणि पट्ट्या यांच्यासाठी किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा हवा, प्रत्येक पेटीचं वजन वहीत हवं, आणि पेटी सील व्हायला हवी. फ्रिज, वॉशिंग मशीन, डब्याचे टीव्ही मोठ्या काट्यावर. त्यांना मोडायचं नाही, नळी कापायची नाही, काच फोडायची नाही. ट्यूबलाइट आणि सीएफएल त्यांच्याच खोक्यात उभ्या, कारण त्यांत पारा असतो. मिलिग्रॅममध्येच असतो, पण जगभरच्या ई-कचऱ्यातून वर्षाला ५८ टन पारा निसर्गात जातो तो अशाच मिलिग्रॅमांचा मिळून.

बॅटरीचं टेबल सगळ्यांपासून लांब, सावलीत. फुगलेली बॅटरी दाबली, वाकली किंवा तापली की पेट घेऊ शकते, म्हणून तिच्यासाठी कोरड्या वाळूची बादली. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांना चिकटपट्टी लावायची. ज्या फोनची बॅटरी सहज निघत नाही तो उघडायचा नाही, तसाच द्यायचा. जालन्यात मे महिन्यात पारा चाळीसच्या वर जातो. तेव्हा उन्हाळ्यात गोणीत भरलेल्या लिथियम बॅटऱ्या उघड्या ट्रकमध्ये ठेवण्याचा विचारही करू नये. जागतिक ई-कचरा दिवस १४ ऑक्टोबरला असतो. आपल्याकडे तो दसरा-दिवाळीच्या साफसफाईच्या सुमारास येतो. पाऊस ओसरलेला असतो, ऊन बरं असतं, आणि माळे-कपाटं तशीही रिकामी होत असतात. याहून चांगला मुहूर्त मिळायचा नाही.

मुलांना मोहिमेत जरूर घ्यावं. त्यांनी घरी निरोप द्यावा, आजीला खण उघडायला लावावा, वहीत आकडे लिहावेत. पण त्यांना वायरी सोलायला किंवा यंत्रं उघडायला बसवू नये. एखाद्या शाळेत हौसेने असं होतं, ते थांबवायला हवं.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न ट्रक जाणार कुठे हा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत वस्तूंची यादी २१ वरून १०६ वर गेली. उत्पादक कंपन्यांना ठरलेल्या प्रमाणात कचऱ्याची विल्हेवाट लावल्याचं दाखवणं बंधनकारक झालं: आधी ६० टक्के, २०२५-२६ पासून ७०, २०२७-२८ पासून ८०. त्यासाठी त्या नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्यांकडून प्रमाणपत्रं विकत घेतात. घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी सरकारने किलोला किमान २२ रुपये ठरवले, त्याविरुद्ध काही कंपन्या न्यायालयात गेल्या. २२ रुपये धरले तरी दहा टनांमागे २ लाख २० हजार रुपये या साखळीत आहेत. ते संकलनापर्यंत पोहोचवून घेता येतात, मागायला मात्र हवेत. आयोजकांनी कारखान्याकडून केंद्रीय मंडळाचा नोंदणी दाखला आधी मागावा, माल देताना प्रकारवार वजनपावती घ्यावी, आणि प्रक्रिया झाल्याचा कागद नंतर पाठपुरावा करून मिळवावा. हे तीन कागद नसतील तर त्या दिवशी आपण फक्त भंगारवाल्याचा माल त्याच्या दारात नेऊन दिला असं समजावं.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने कळीच्या खनिजांच्या पुनर्चक्रणासाठी १,५०० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. चीनने त्याच वर्षी चुंबकांत लागणाऱ्या काही धातूंची निर्यात आवळल्यावर सगळ्या जगाला जाग आली. आज या दुर्मीळ मृदा धातूंच्या जागतिक मागणीपैकी जेमतेम एक टक्का ई-कचऱ्यातून भागते. योजना चांगली आहे. पण पैसा यंत्रसामग्रीला आणि कारखाना चालवायला आहे. बेल्जियममधल्या होबोकनला युमिकोरचा कारखाना मिश्र मालातून १७ धातू वेगळे काढतो. तसे कारखाने इथे उभे राहतीलही. त्यांच्या दारात मंठ्याचा फोन पोहोचवण्याची सोय कुठल्याही योजनेत नीट केलेली मला दिसत नाही. ती जिल्हा परिषद, महापालिका आणि गावकऱ्यांनाच करावी लागेल.

आणि घाई करायला आणखी एक कारण आहे. २०२५ च्या अखेरीस महाराष्ट्राने एका महिन्यात पंचेचाळीस हजारांहून जास्त सौर कृषी पंप बसवण्याचा विश्वविक्रम केला. मराठवाड्यातले शेतकरी त्यात पुढे आहेत, आणि दिवसा वीज मिळण्याचं त्यांचं सुख मोठं आहे. प्रत्येक पंपाला कमीत कमी सहा पॅनेल आणि पॅनेलचं वजन पंचवीस किलो धरलं तर एका महिन्यात बसलेल्या पॅनेलचंच वजन सहा हजार टनांच्या वर जातं. जालना जिल्ह्याच्या आजच्या वर्षभराच्या ई-कचऱ्याच्या दुपटीहून जास्त. सौर पॅनेल आता ई-कचऱ्याच्या नियमांत आहेत. ती पंचवीस वर्षं टिकतील, गारपिटीने काही आधीच फुटतील. त्या वेळी गोळा करण्याची सवय आणि यंत्रणा नसली तर बांधाबांधांवर काचा पडतील.

लोकांनी मिळून मोठं वजन हलवण्याचा अनुभव जालन्याला आहे. घाणेवाडी तलाव गाळाने भरत चालला तेव्हा शहरातल्या नागरिकांनी घाणेवाडी जलसंरक्षण मंच उभा केला, वर्गणी काढली, गाळ उपसला आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतात नेऊन टाकला. कुणी एकाने तलाव उपसला नव्हता. ई-कचऱ्याचं वजन त्या गाळापुढे काहीच नाही. ट्रकभर फोन जमवायचे म्हणजे जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाने शंभरेक फोन द्यायचे. वीस घरांच्या गल्लीत तेवढे निघणार नाहीत, पण तीन-चारशे घरांच्या गावात सहज निघतील.

तेव्हा या दिवाळीच्या साफसफाईत टीव्हीखालचा खण उघडा. फोनमधले फोटो काढून घ्या, सिम आणि मेमरी कार्ड काढा, फोन चालू होत असेल तर त्यातली माहिती पुसा. फोडू नका, जाळू नका, उघडू नका. आपल्या ग्रामपंचायतीला किंवा प्रभागाच्या नगरसेवकाला विचारा की संकलनाचा दिवस कधी आहे. ठरलेला नसेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांना, गणेश मंडळाला, बचत गटाला सोबत घेऊन तुम्हीच ठरवा, आणि ट्रक सुटण्याआधी नोंदणी दाखला व वजनपावती हातात घ्या.